नाव राहून गेलेला खेकडा

तिची आणि माझी ओळख कोळंबीच्या पायांवरून झाली. घाटकोपरच्या कॉलेजात आम्ही दोघी प्राणिशास्त्राला होतो आणि प्रॅक्टिकलला एकच टेबल वाट्याला आलं होतं. कोळंबीचे सगळे पाय, म्हणजे तोंडाजवळचे, चालायचे, पोहायचे, मुळापासून सोडवून काळ्या कागदावर ओळीने लावायचे, असं ते प्रॅक्टिकल. मी मुलुंडच्या शाकाहारी घरातली. कोळंबी हातात धरायचीच मला किळस यायची, आणि चिमटा लावला की पाय हमखास मधूनच तुटायचा. ती विक्रोळीच्या चाळीत वाढलेली, मूळची मालवणकडची. वडील आधी गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर एका कारखान्यात वॉचमन झाले. माझी खटपट तिने थोडा वेळ बघितली आणि म्हणाली, "अगं, ओढतेस काय अशी? सांध्यावर धर ना. सांध्याला आपोआप सुटतो."

खरंच सुटला.

पायांना सांधे असलेल्या या प्राण्यांच्या गटाला आमच्या पुस्तकात संधिपाद म्हटलेलं होतं. खेकडा, कोळंबी, कोळी, विंचू, गोम, झुरळ, फुलपाखरू, सगळे त्यातच. आम्हाला तो धडा म्हणजे पाठांतराचा जाच. संघ, वर्ग, गण, कुळ, आणि प्रत्येकाची लक्षणं. परीक्षेच्या आदल्या दिवशी घोकायचं आणि पेपर झाला की विसरायचं. ती मात्र तो धडा गोष्टीसारखा वाचायची. मी एकदा विचारलं, तुला यात एवढं काय सापडतं? तर म्हणाली, "आमच्याकडे कोणी घरी आलं ना, की आई पाणी द्यायच्या आधी विचारते, खयचे तुमी? मग माहेर कुठलं, मामा कोण, असं करत करत त्याचं नातं शोधून काढते. मगच तिला बरं वाटतं. हे तसंच आहे गं. कोण कुणाचं कोण लागतं, एवढंच."

एमएस्सी झाल्यावर तिला पीएचडी करायची होती. वडिलांचा पगार आणि पाठची भावंडं बघून तिने तो विचार बाजूला ठेवला आणि मुलुंडच्या एका कॉलेजात शिकवायला लागली. वर्षभराने मीही तिथेच लागले. पुढे तिचं लग्न होऊन ती कांदिवलीला गेली, तरी तिने नोकरी सोडली नाही. दोन बस बदलून यायची आणि तरी माझ्या आधी पोचलेली असायची. मी कॉलेजपासून चालत दहा मिनिटांवर राहत होते.

तिच्या तासाला मुलं बसायची, कारण ती फळ्याकडे कमी आणि वस्तूंकडे जास्त जायची. एकदा वर्गात तिने विंचू, खेकडा आणि झुरळ असे तीन ट्रे ठेवले आणि मुलांना म्हणाली, पुस्तक बंद करा, पाय मोजा, मिशा बघा, आणि सांगा यातले जास्त जवळचे कोण. तासभर वर्गात नुसता गोंधळ. शेजारच्या वर्गातून तक्रार आली. प्राचार्यांनी बोलावून घेतलं तेव्हा ती खाली मान घालून ऐकून आली आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच केलं.

मुलुंड कॉलनीच्या मागे डोंगर सुरू होतो. वरचं जंगल नॅशनल पार्कच्या हद्दीत, त्याच्या खाली उतारावर वस्ती, आणि वस्तीच्या कडेने पावसाळ्यात एक ओढा वाहायचा. मुलांना घेऊन आम्ही दर पावसाळ्यात तिथे जायचो. गोगलगायी, वाणी किडे, कोळ्यांची जाळी दाखवायची, वह्या भरून घ्यायच्या आणि परत यायचं. अशाच एका फेरीत तिने दगडाखालून एक खेकडा काढला. तो हातात उलटासुलटा करत ती तिथेच उकिडवी बसून राहिली. मुलं पुढे निघून गेली होती. मी हाक मारली तरी उठेना.

"काय झालं गं?"

"हा तो नाही," ती म्हणाली.

त्या भागात पावसाळ्यात सर्रास दिसणारा खेकडा आमच्या दोघींच्या ओळखीचा होता. त्याच्या पाठीच्या कवचाला डोळ्यांच्या मागे एक ठळक कड असते, बोट फिरवलं तरी लागते. याला ती कड जवळजवळ नव्हतीच. तिने माझं बोट धरून त्याच्या पाठीवरून फिरवलं. खेकड्याला हात लावायची मला तेव्हाही भीती वाटायची, पण लावला. गुळगुळीत होतं.

"लहान असेल अजून," मी म्हटलं.

"लहान? हिच्या पोटाखाली बघ."

तिने उलटा धरला. पोटाचा पट्टा रुंद होता, म्हणजे मादी. आणि त्या पट्ट्याखाली ज्वारीच्या दाण्याएवढी पिल्लं चिकटलेली होती. डोंगरातल्या या खेकड्यांची पिल्लं समुद्रातल्या खेकड्यांसारखी पाण्यात सोडून दिली जात नाहीत. आई त्यांना पोटाशी धरून हिंडते. ती मादी आम्ही सोडून दिली, पण त्या पावसाळ्यात पिल्लं नसलेल्या दोन-तीन माद्या पकडून कॉलेजात आणल्या आणि बाटलीत ठेवल्या. अशा नमुन्यांसाठी स्पिरिट चांगलं, हे आम्हाला माहीत होतं. पण स्पिरिटला परवाना लागायचा आणि ते केमिस्ट्री विभागाच्या कपाटात कुलपात असायचं. मागायला गेलं की दहा प्रश्न. आमच्याकडे फॉर्मालिन भरपूर होतं. फॉर्मालिनमध्ये टाकल्या.

दुसऱ्या एका शहरात खेकड्यांच्या वर्गीकरणावर आयुष्य घालवलेले एक वयस्कर संशोधक होते. तिने कुठून तरी त्यांचा नंबर मिळवला आणि एका दुपारी विभागातल्या फोनवरून त्यांना सगळं वर्णन करून सांगितलं. मी शेजारी बसले होते. त्यांचा आवाज मोठा होता, मलाही ऐकू येत होता.

"बाई, तुम्ही माद्या शंभर पाठवा, मी काही सांगू शकणार नाही," ते म्हणाले. "नर आणा. पूर्ण वाढलेला नर. त्याच्या पोटाखाली पायांची जी पहिली जोडी असते, तिच्या टोकाचा आकार बघितल्याशिवाय या कुळात जात ठरत नाही. कवच फसवतं, रंग फसवतो. ते पाय फसवत नाहीत."

"पण वेगळा असेल असं वाटतं का तुम्हाला?"

"मला वाटून काय उपयोग? नर आणा."

फोन ठेवल्यावर ती हसत होती. म्हणाली, "बघ, नकार नाही दिला."

तिथून पुढे आमचे पावसाळे त्या नरामागे गेले. प्रॅक्टिकल संपलं की साड्या खोचून आम्ही दोघी ओढ्यावर जायचो. वस्तीतल्या बायकांना आमची सवय झाली. त्या वरून विचारायच्या, "मॅडम, गावला का?" माद्या मिळायच्या. नेहमीच्या खेकड्याचे नर मिळायचे. या गुळगुळीत पाठीच्या खेकड्याचे नर मिळाले तर इतके लहान, की ज्या पायांवरून जात ठरवायची ते अजून घडलेलेच नसायचे. काही वर्षी पाऊस असा कोसळायचा, की ओढ्यात उतरणं शक्य नसायचं. काही वर्षी पेपर तपासणी, एका वर्षी माझं बाळंतपण, एका वर्षी तिच्या सासऱ्यांचं ऑपरेशन. पावसाळा काय, बघता बघता सरतो.

खेकड्याला कुर्ली म्हणणाऱ्या तिच्या आईला हे सगळं गमतीचं वाटायचं. मी विक्रोळीला त्यांच्या घरी गेले की ती आम्हा दोघींकडे बघून म्हणायची, "कुर्लेचे पाय बघूक पगार गावता काय गो तुमका?" आणि मग स्वतःच हसत माझ्यासाठी वेगळ्या भांड्यात केलेली उसळ वाढायची.

नर शेवटी सापडला. गणपती होऊन गेले होते, ऊन-पावसाचे दिवस होते, दुपारचे तीन-साडेतीन वाजले असतील. ओढ्याला गुडघ्याखाली पाणी होतं. तिने एका मोठ्या दगडाच्या कपारीत हात घातला आणि बराच वेळ तशीच वाकून उभी राहिली. मला वाटलं चावला की काय. मग तिने हात हळूच बाहेर काढला. तळहातावर तो बसला होता. मोठा, तळहातभर. पळत नव्हता, नांगी उगारत नव्हता.

"नर आहे," ती कुजबुजली. "बघ, पोट बघ. निमुळतं आहे."

मी बाटली काढायला पिशवीत हात घातला. तेवढ्यात ती म्हणाली, "थांब. मऊ आहे गं हा."

मी बोट लावून बघितलं. कवच भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं दबत होतं. त्याने नुकतीच कात टाकली होती. या सगळ्याच गटाचं असं असतं. आतलं अंग वाढतं, बाहेरचं कवच वाढत नाही, म्हणून ते टाकावं लागतं. नवीन कवच टणक होईपर्यंत काही दिवस त्यांना ना लढता येतं, ना धड पळता येतं. म्हणून तर तो इतक्या आत कपारीत जाऊन बसला होता. बाजूलाच त्याची टाकलेली कात होती, पण ती पाण्याने फाटून तिचा चोथा झाला होता. हव्या त्या पायांचा तिच्यात पत्ता नव्हता.

"असू दे मऊ," मी म्हटलं. "मिळालाय ना एकदाचा? घेऊ या."

"अगं, आता टाकला तर आक्रसून जाईल. ते पाय वाकडेतिकडे होतील. सर म्हणतील, हे काय आणलंत."

"मग बादलीत ठेवू, टणक होईपर्यंत."

"कुठे? लॅबमध्ये? शनिवार-रविवार कॉलेज बंद. पाणी कोण बदलणार? मरून जाईल, कुजून जाईल." ती त्याच्याकडेच बघत बोलत होती. मग म्हणाली, "आणि खरं सांगू? असा हातात निवांत बसलेला मला मारवत नाहीये."

वर्षानुवर्षं बेडूक आणि झुरळं कापायला शिकवणारी बाई हे बोलत होती. मला हसू आलं. तीही हसली. मग तिने त्याला होता तिथेच, कपारीत आत नेऊन ठेवलं. जागा लक्षात राहावी म्हणून दगडाची खूण आम्ही दोघींनी नीट बघून घेतली. म्हणाली, "पंधरा दिवसांनी येऊ. अंग धरेल तोवर."

पंधरा दिवसांनी आम्ही गेलो. पाऊस ओसरला होता, ओढा आटत आला होता, आणि तो कपारीत नव्हता. त्याचं आश्चर्य नव्हतं. पाणी आटलं की हे खेकडे बिळात खोल जातात आणि पुढच्या पावसापर्यंत बाहेर येत नाहीत. आम्हाला वाईटही फारसं वाटलं नाही. आता तो इथे आहे हे कळलं होतं. पुढच्या पावसाळ्यात यायचं, एवढंच.

पुढच्या जुलैत तो उतार घसरला.

दोन दिवस सलग पाऊस पडत होता. सकाळच्या वेळी ओढ्याच्या वरच्या अंगाचा मातीचा मोठा ढिगारा खाली आला आणि त्याने काठावरच्या घरांच्या मागच्या भिंती पाडल्या. माणसं कामावर, मुलं शाळेत, म्हणून जीव वाचले. पण एका बाईचा पाय ढिगाऱ्याखाली सापडून कायमचा अधू झाला. आम्हाला पावसाळ्यात वरून हाक मारणाऱ्यांपैकीच ती एक. आम्ही तिला भेटायला गेलो तेव्हा ती आमच्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "मॅडम, तुमचे खेकडे वाहून गेले वो."

त्यानंतर तिथे संरक्षक भिंत बांधायचं ठरलं. वस्तीने त्यासाठी मोर्चे काढले होते, आणि काढायलाच हवे होते. पावसाळा संपताच काम सुरू झालं. डोंगराला टेकून उंच काँक्रीटची भिंत उभी राहिली आणि ओढा तिच्या पायथ्याशी मोठ्या पाइपात घातला गेला. दगड उचलले गेले, कपारी बुजल्या. आम्ही दोघी बघायला गेलो तेव्हा पाइपावर माती टाकून झाली होती आणि त्यावरून बायका पाण्याचे हंडे घेऊन जात होत्या. आधी त्यांना चिखलातून जावं लागायचं.

त्यांच्यातली एक थांबून म्हणाली, "आता बरं झालं मॅडम. पाऊस आला की झोप लागत नव्हती."

"हो, चांगलं झालं," माझी मैत्रीण म्हणाली. आणि ते तिने मनापासून म्हटलं होतं, हे मी शपथेवर सांगेन. पण परत येताना बसस्टॉपवर आल्यावर म्हणाली, "कुणावर चिडू तेही कळत नाहीये गं." आणि तिची बस आली.

त्यानंतरही आम्ही काही पावसाळे शोधलं. भिंतीच्या वर, जिथे ओढा पाइपात शिरतो तिथे. मग बाजूच्या दुसऱ्या नाल्यात. मग भांडुपच्या बाजूने. नेहमीचे खेकडे मिळाले. तो मिळाला नाही. तो फक्त त्या एवढ्याशा ओढ्यातच राहत होता की आम्हाला शोधता आला नाही, हे आजही मी सांगू शकत नाही. त्या संशोधकांना तिने फोन करून कळवलं. ते म्हणाले, "असं बऱ्याचदा होतं, बाई." पुढे काही वर्षांनी ते वारले.

तिचे सासरे अंथरुणाला खिळले, मग सासू. रोजचं कांदिवली-मुलुंड तिला झेपेना. तिने मुदतीआधीच नोकरी सोडली. निरोप समारंभ तिने करू दिला नाही. शेवटच्या दिवशी तिने लॅबमधल्या सगळ्या बाटल्या पुसून घेतल्या, ज्यांत फॉर्मालिन कमी होतं त्यांत भरलं, आणि मला म्हणाली, "त्या माद्यांची बाटली फेकू देऊ नकोस कुणाला."

मी दिली नाही. अभ्यासक्रम बदलला, कापाकापीचे प्रयोग बंद झाले, आमच्या म्युझियमची खोली कॉम्प्युटरसाठी गेली आणि बाटल्या स्टोअररूममध्ये गेल्या. ती एक बाटली मी माझ्या कपाटात ठेवली होती.

गेल्या वर्षी, माझ्या निवृत्तीला थोडेच महिने राहिले असताना, एक मुलगी मला भेटायला कॉलेजात आली. सह्याद्रीतल्या गोड्या पाण्यातल्या खेकड्यांवर पीएचडी करत होती. त्या वारलेल्या सरांच्या कुणा विद्यार्थ्याकडून तिला कळलं होतं, की मुलुंडच्या दोन बाईंकडे एक वेगळा खेकडा असल्याचं सर म्हणायचे. ठाण्यापलीकडच्या डोंगरात तिला गुळगुळीत पाठीचाच एक खेकडा मिळाला होता. नरासकट. त्याला नवीन जात म्हणून नाव द्यायचं तिचं काम चाललं होतं. तुमचा तोच असेल का, हे तिला बघायचं होतं.

मी बाटली काढून दिली. तिने माद्या ट्रेमध्ये काढल्या, भिंगातून बघितल्या, फोनवर तिच्या खेकड्याचे फोटो लावून शेजारी धरले. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. परीक्षेला बसल्यासारखं वाटत होतं.

"खूप जवळचा आहे," ती म्हणाली. "पण डोळ्यांमागची ही कड बघा मॅडम. माझ्या खेकड्याला थोडी तरी आहे, याला अजिबातच नाही. एकच असू शकतो. वेगळाही असू शकतो. नर नाहीच का?"

मी तिला नराची हकीकत सांगितली. तिने ती मन लावून ऐकली.

"मग डीएनए बघता येईल का यांचा?" मीच विचारलं.

"फॉर्मालिन ना?" तिने मान हलवली. "इतकी वर्षं फॉर्मालिनमध्ये राहिल्यावर फारसं काही हाती लागत नाही. मी करून बघेन, पण आशा ठेवू नका. स्पिरिटमध्ये असत्या तर प्रश्नच नव्हता." मग ती सहज म्हणाली, "त्या नराचा कुठलाही एक पाय जरी स्पिरिटमध्ये ठेवला असता ना, तरी चाललं असतं. त्याला काय, पुढच्या कातीला नवा आला असता."

ती वाईट हेतूने बोलली नव्हती. तिच्या पिढीला हे अ-आ-ई इतकं साधं आहे. चालायच्या एका पायातल्या डीएनएवरूनही जात कळू शकते, हे आम्हाला तेव्हा ठाऊकच नव्हतं. पण खेकड्याचा तुटलेला पाय पुन्हा येतो, हे आम्ही दोघी दर वर्षी वर्गात शिकवत होतो.

तिला चहा पाजला. बोलता बोलता माझ्या मागच्या भिंतीवरच्या जुन्या तक्त्याकडे तिचं लक्ष गेलं. संधिपादांच्या वंशवृक्षाचा तो तक्ता. त्यात गोम आणि कीटक एका फांदीवर होते आणि खेकडे दुसऱ्या. ती जरा संकोचून म्हणाली, "हे आता असं मानत नाहीत, मॅडम. कीटक खेकडे-कोळंबीच्या कुळातूनच निघालेत. गोम त्यांची लांबची."

ते माझ्या कानावर आलं होतं, पण नव्या पुस्तकातून शिकवायची वेळ आली तोवर माझे तास दुसऱ्याच विषयाकडे गेले होते. म्हणजे इतक्या मुलांना मी नाती चुकीची सांगत आले. ती मुलं आता बँकेत आहेत, दवाखान्यात आहेत, परदेशात आहेत. त्यांना गोम कुणाची कोण, याने काही फरक पडत नाही, हे मला कळतं. तरी तो तक्ता त्या दिवशी मी काढून गुंडाळून ठेवला.

ती मुलगी गेल्यावर मैत्रिणीला फोन करावा असं आधी मनात आलं. मग वाटलं, हे फोनवर सांगायचं नाही. रविवारी मी कांदिवलीला गेले. मैत्रिणीचे गुडघे गेले आहेत. ती बाल्कनीतल्या खुर्चीत बसलेली असते, समोर टॉवर चढताना बघत. मी कीटकांची बातमी आधी सांगितली, कारण ती सोपी होती.

ती खूप हसली. "म्हणजे झुरळ आणि कोळंबी एकाच घरातली? आईला सांगितलं असतं तर तिने सुंगटां आणायची सोडून दिली असती." आई जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

मग मी खेकड्याचं सांगितलं. सगळं सांगितलं, पायाचंही. ते गाळावं असं येताना बसमध्ये ठरवलं होतं, पण तिच्यासमोर मला कधीच काही गाळता आलेलं नाही.

आतून कुकरची शिट्टी झाली, तिची सून काहीतरी बोलली, तिने ऐकलं नाही.

"एक पाय," ती म्हणाली. "सांध्यावर धरला असता तर आपोआप सुटला असता."

"आपल्याला काय माहीत होतं तेव्हा?"

"नव्हतं. ते खरंच आहे." मग म्हणाली, "मी त्याला सोडला त्याचं मला वाईट नाही वाटत गं. तेव्हाही नव्हतं, आजही नाही. वाईट वाटतं ते हे, की तो होता. आपण दोघींनी हात लावून बघितला. आणि आता तो होता असंसुद्धा कुणाला म्हणता येणार नाही."

"त्या मुलीच्या पेपरमध्ये आपल्या माद्यांचा उल्लेख येणार आहे. मुलुंडचा नमुना, जात ठरवता आली नाही, असा."

"येऊ दे," ती म्हणाली. "तेवढं तरी."

त्या मुलीने एक प्रश्न विचारून ठेवला होता आणि तो मी मैत्रिणीला विचारून घेणार होते. फॉर्मालिनमध्ये माद्या पार पांढुरक्या पडल्या होत्या. जिवंतपणी या खेकड्याचा रंग कोणता होता, हे पेपरमध्ये लिहायचं होतं. तेव्हा आमच्या फोनला कॅमेरे नव्हते, आणि कॉलेजचा कॅमेरा फक्त गॅदरिंगला कपाटाबाहेर निघायचा.

"जांभळट होता ना?" मी विचारलं. "पिकल्या जांभळासारखा?"

तिने माझ्याकडे चमकून बघितलं. "जांभळा? छे गं. तपकिरी होता, आणि नांग्यांची टोकं नारिंगी."

"नारिंगी टोकं नेहमीच्या खेकड्याची."

"नाही, याचीच. मी हातात धरला होता."

"मी पण लावला होता की हात."

आम्ही बराच वेळ वाद घातला. तिने डोळे मिटून आठवून बघितलं, मीही बघितलं. मला तो अगदी स्वच्छ जांभळा दिसत होता, ओला, तिच्या तळहातावर. तिला तो तितकाच स्वच्छ तपकिरी दिसत होता. शेवटी सून चहा घेऊन आली आणि आम्ही थांबलो.

त्या मुलीला मी फोन करून सांगितलं, की रंग माहीत नाही असं लिही.